होडी धक्क्याला लावतांना

मराठी भाषेंत ‘धक्का’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. होड्या, मचवे व लाँचा जेथें येऊन लागतात त्या बांधीव कांठाला आपण धक्का म्हणतों. आणि एक वस्तु दुसरीवर आदळली म्हणजे जो बसतो त्यालाहि धक्काच म्हणतों. हे दोन अर्थ एका शब्दांत कसे नांदूं लागले हें भाषापंडितांनीं सांगावें. मी पंडित नाहीं. मॅट्रिकची परीक्षा देऊन पुढें सारा जन्म प्राथमिक शाळेंत पाढे, शुद्धलेखन व भूगोल शिकविण्यांत घालविलेला मी एक साधा मास्तर आहें. परंतु निवृत्त झाल्यावर मी होडी चालवावयास शिकलों, आणि त्या पहिल्या वर्षांत या दोन्ही अर्थांची ओळख मला इतक्या वेळां आणि इतक्या लोकांदेखत पटली, कीं तो अनुभव आज आपल्यापुढें ठेवावा असें मनांत आलें.

आमचें घर वाशिष्ठीच्या खाडीच्या एका कांठावर आहे आणि वडिलोपार्जित नारळी-पोफळींची लहानशी वाडी दुसऱ्या कांठावर. नोकरींत असतांना तिकडे लक्ष देण्यास सवड नव्हती. वयाच्या ५८ व्या वर्षीं निवृत्त झालों, तेव्हां दुसऱ्याच्या होडीची वाट पाहत बसण्यापेक्षां आपलीच एक असावी असें वाटलें. फायबरची, सोळा फूट लांबीची, मागच्या फळीवर दहा अश्वशक्तीचें इंजिन बसविलेली एक जुनी होडी मीं विकत घेतली. शिकवावयास माझाच एक जुना विद्यार्थी मिळाला. चौथीच्या वर्गांत तो माझ्यापुढें बसत असे. आतां तो मच्छीमारी होडीवर तांडेल आहे. पहिल्याच दिवशीं तो म्हणाला, “गुरुजी, खाडींत होडी कोणीहि चालवील. धक्क्याला लावील तो नावाडी.” मला त्याचें हें बोलणें थोडें आगाऊपणाचें वाटलें. आठ दिवसांत तें अक्षरशः खरें असल्याची माझी खात्री झाली.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. सायकल किंवा मोटार थांबवावयाची असेल तर चाकांना ब्रेक लावतां येतो, कारण खालीं जमीन घट्ट आहे. पाण्यांत पकडून राहावें असें घट्ट कांहींच नसतें. इंजिन बंद केलें तरी होडी आपल्या वेगानें पुढें सरकतच राहते. तिला थांबविण्याचा उपाय एकच, इंजिनाचा पंखा उलटा फिरविणें. पण त्यासाठीं गियर आधीं मध्यावर आणावा लागतो, क्षणभर दम धरावा लागतो, आणि मग तो उलटा टाकावा लागतो. तेवढ्या अवकाशांत होडी आपल्या लांबीइतकें अंतर सहज कापते. दुसरी अडचण दिशेची. आमच्या होडीला निराळें सुकाणू नाहीं. इंजिन वळवून तिला वळवावयाचें असतें. पंखा फिरत असेल तोंवर ती ऐकते, पंखा थांबला कीं जवळजवळ ऐकेनाशी होते. म्हणजे वेग काढून घ्यावा तर होडी मनास येईल तिकडे जाते, आणि ताब्यांत राहावी म्हणून वेग ठेवावा तर आदळते. धक्क्याला लावण्याची सारी विद्या या पेचांतून वाट काढण्याची आहे.

तिसरी गोष्ट सहसा नवशिक्याच्या ध्यानांत येत नाहीं. मोटार पुढच्या चाकांनीं वळते आणि मागचीं चाकें मुकाट्यानें तिच्यामागून येतात. होडीचें उलट आहे. मागचें इंजिन होडीची शेपटी एका बाजूला ढकलतें, म्हणून तिची नाळ, म्हणजे पुढचें टोंक, दुसऱ्या बाजूला वळतें. धक्क्याजवळ आल्यावर नाळ आपटेल या भीतीनें आपण ती घाईनें बाहेर वळवितों, आणि त्याच क्षणीं शेपटी आंत येऊन दगडावर बसते. नाळ वांचविली म्हणून आपण समाधानाचा श्वास सोडावा, तों मागून आवाज येतो.

आणि हा आवाज किती मोठा यावा हें सर्वस्वी वेगावर अवलंबून असतें. मास्तराच्या संवयीप्रमाणें मी येथें थोडें गणित मांडतों. होडी, इंजिन व आंतलीं माणसें मिळून ६०० किलो वजन धरूं. सेकंदाला एक मीटर हा माणसाच्या सावकाश चालण्याचा वेग. या वेगानें होडी धक्क्यावर आली, तर तिच्यांत सांठलेली शक्ति ६० किलो वजनाच्या माणसानें अर्ध्या मीटर उंचीवरून खालीं उडी मारावी एवढी असते. आतां वेग तिप्पट करूं. शक्ति तिप्पट होत नाहीं; ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, म्हणून नऊपट होते. तोच माणूस आतां साडेचार मीटरांवरून, म्हणजे वरच्या मजल्याच्या खिडकींतून, खालीं येतो. धक्क्याजवळ थोडा वेग अधिक ठेवला तर काय बिघडलें, असें ज्याला वाटतें त्यानें ही खिडकी डोळ्यांपुढें आणावी.

हें गणित मला तोंडपाठ होतें. तरीहि मीं चुका केल्या, कारण माहीत असणें निराळें आणि हाताला माहीत असणें निराळें. इंजिनाला पुढें आलेला एक दांडा असतो. तो डावीकडे ढकलला म्हणजे होडी उजवीकडे वळते, आणि उजवीकडे ढकलला म्हणजे डावीकडे. त्याच दांड्याच्या टोंकाला मूठ असते. ती एका बाजूस पिळली कीं वेग वाढतो, दुसऱ्या बाजूस पिळली कीं कमी होतो. माझ्या पहिल्याच प्रयत्नांत धक्का जवळ दिसूं लागतांच मीं घाबरून दांडा धक्क्याच्या दिशेनें ढकलला व मूठ नको त्या बाजूस पिळली. होडी धक्का सोडून वेगानें शेजारीं नांगरलेल्या एका होडीकडे गेली. त्या होडींत एक वृद्ध गृहस्थ जाळें सांधीत बसले होते. आमची नाळ त्यांच्या कडेला लागली, जाळ्याची सुई पाण्यांत पडली. त्यांनीं मान वर करून माझ्याकडे पाहिलें आणि शांतपणें हात दाखवून म्हणाले, “गुरुजी, धक्का तिकडे.”

दुसरी चूक ओढीची. खाडींत भरती-ओहोटीबरोबर पाणी सारखें आंत किंवा बाहेर वाहत असतें. मीं ओहोटीच्या वेळीं वरच्या अंगानें, म्हणजे पाण्याच्या ओढीबरोबर, धक्का गांठावयाचें ठरविलें. इंजिन अगदीं मंद ठेवलें होतें. परंतु पाणी ताशीं तीन किलोमीटर वाहत असेल आणि होडी पाण्यांत ताशीं तीन किलोमीटर चालत असेल, तर ओढीबरोबर येणारी होडी धक्क्यावरून पाहणाराला ताशीं सहा किलोमीटर वेगानें येतांना दिसते. हीच होडी उलट तोंडानें, ओढीला सामोरी होऊन आली, तर ती धक्क्यासमोर जवळजवळ स्थिर राहते; पंखा मात्र फिरत असतो आणि होडी दांड्याचें ऐकते. एकाच मंद इंजिनानें एका दिशेनें आघात आणि दुसऱ्या दिशेनें विश्रांति! त्या दिवशीं धक्क्याच्या पायऱ्यांवर मासे घेऊन बसलेल्या दोन बायांनीं मला लांबूनच पाहिलें, एकमेकींशीं चकार शब्द न बोलतां आपापल्या टोपल्या उचलल्या आणि चार पायऱ्या वर जाऊन बसल्या. मी आदळल्यानंतर त्या पुन्हां खालीं आल्या. माझ्यापेक्षां पाण्याचें ज्ञान त्यांना अधिक होतें.

ओढ ओळखण्याची खूण तांडेलानें मला मागाहून दाखविली. नाळेकडून नांगरलेल्या होड्या, वारा मंद असला, तर ओढीकडे तोंड करून उभ्या असतात. धक्क्याच्या खांबाच्या ज्या अंगाला फेंस व पाण्याची लांबट रेघ दिसते तें ओढीचें उतरतें अंग. या गोष्टी धक्क्यापासून दूर असतांनाच पाहून घ्यावयाच्या. वाऱ्याचेंहि तसेंच. दुपारीं समुद्रावरून येणारे खारे वारे आणि पहांटे जमिनीवरून जाणारे मतलई वारे हलक्या होडीला पानासारखें ढकलतात. ओढ व वारा यांपैकीं ज्याचा जोर अधिक, त्याला सामोरें होऊन धक्क्याला जावें, हा नियम आहे. दाभोळ-धोपावे अशा खाडीच्या मार्गावर मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटींत जे बसले असतील त्यांनीं आठवून पाहावें. पाण्याला जोर असला कीं बोट समोरच्या उताराच्या रोखानें सरळ जात नाहीं. ती ओढीच्या वरच्या अंगाकडे तोंड करून तिरकी तिरकी जाते. नवख्या प्रवाशाला वाटतें, तांडेल वाट चुकला. वास्तविक पाणी तिला जेवढें खालीं नेणार तेवढें त्यानें आधींच वजा केलेलें असतें.

होडी लागली म्हणजे काम संपलें, असें समजणें ही तिसरी चूक. एकदां होडी धक्क्याला बऱ्यापैकीं लागली. मी आनंदानें उठलों, दोर हातांत घेतला आणि एक पाय पायरीवर टाकला. पायरीवरचा पाय पुढें रेटतांना होडींतल्या पायानें होडी मागें रेटली जाते, हें न्यूटनच्या तिसऱ्या नियमांत सांगितलेलें मीं मुलांना कितीदां तरी शिकविलें असेल. दोन डगरींवर पाय ठेवूं नये, ही म्हणहि फळ्यावर लिहून दिली असेल. नियम व म्हण या दोहोंचा एकत्र प्रत्यय मला कमरेइतक्या चिखलांत उभें राहून आला. आधीं दोर अडकवावा, होडी धक्क्याशीं आंवळून घ्यावी आणि मगच, दोन्ही हात मोकळे ठेवून, उतरावें. तसेंच दोराचें टोंक पाण्यांत लोंबत ठेवूं नये. तें पंख्यांत गुंतलें कीं इंजिन बंद पडतें, आणि तें नेहमीं नको त्या वेळींच पडतें.

चौथी चूक बांधण्याची, आणि ती गांवांत अजून सांगितली जाते. माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं, दुपारीं साडेबारांच्या सुमारास, मीं वाडींतून पोतेंभर नारळ आणले. भरती पुरी झाली होती व होडीची कड धक्क्याच्या माथ्याला लागली होती. मीं नाळेचा दोर खुंटाला आंवळून, अगदीं आंखूड, बांधला. होडी हलूं नये एवढाच माझा हेतु. ऊन फार होतें म्हणून नारळ तसेच ठेवून जेवावयास घरीं गेलों आणि संध्याकाळीं सहाला परत आलों. होडी नाळेनें खुंटाला टांगलेली होती, शेपटी खालीं गेली होती, इंजिन चिखलांत रुतलें होतें आणि पोत्यांतून निसटलेले नारळ ओहोटीबरोबर समुद्राकडे निघून गेले होते. “गुरुजींनीं यंदा माघांतच नारळीपौर्णिमा केली,” असें गांवानें ठरविलें.

ज्या माणसाच्या घरीं पंचांग आहे त्याच्या हातून अशी चूक व्हावयास नको होती. कोंकणांत एक जुना हिशेब आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ सुमारें कळते. चतुर्थीला चार पाऊणें तीन, म्हणजे तीन वाजतां भरती. अष्टमीला आठ पाऊणें सहा, म्हणजे सहा वाजतां भरती आणि बाराला ओहोटी. प्रत्येक ठिकाणीं थोडा फरक पडतो, खाडींत जसजसें आंत जावें तसतशी वेळ उशिरा होते. परंतु अंदाजाला हें पुरें आहे. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास उधाण येतें व पाण्याची चढउतार मोठी होते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो व ती लहान होते. ही चढउतारहि सहा तास सारख्या गतीनें होत नाहीं. समजा, पाणी एकंदर २४० सेंटिमीटर उतरावयाचें आहे. तर सामान्यतः पहिल्या तासांत तें २० सेंटिमीटर उतरतें, दुसऱ्यांत ४०, तिसऱ्यांत ६०, चौथ्यांत ६०, पांचव्यांत ४० आणि सहाव्यांत २०. पहिल्या तासांत कांहींच झालें नाहीं असें पाहून जो जेवावयास जातो, त्याची होडी मधल्या दोन तासांत पुरुषाच्या छातीएवढी खालीं जाते. म्हणून भरतीच्या वेळीं बांधलेला दोर लांब ठेवावा. एक पुढें व एक मागें असा, तिरका आणि दूरच्या खुंटाला बांधावा. तिरका लांब दोर पाण्याबरोबर खालीं-वर होऊं देतो. उभा आंखूड दोर टांगतो.

मुंबईच्या श्रोत्यांना या चढउताराची कल्पना अधिक यावी. तेथें उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी यांच्या पातळींत चार मीटरांहूनहि अधिक अंतर पडतें. भाऊच्या धक्क्यावरून मोरा किंवा रेवस येथें जाणाऱ्या लाँचींत चढतांना कधीं दोन पायऱ्या उतराव्या लागतात, कधीं पुष्कळ, त्याचें कारण हेंच. मोठ्या जहाजांना हें परवडत नाहीं, म्हणून १९१४ सालीं अलेक्झांड्रा डॉक या नांवानें उघडलेल्या व आतां इंदिरा डॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोदीला दरवाजे बसविले आहेत. बाहेर समुद्र उतरला तरी आंतलें पाणी धरून ठेवतां येतें. आणि येथें आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सातासमुद्रांपलीकडून जहाज आणणारा कप्तान बंदराच्या तोंडाशीं आला म्हणजे त्या बंदराची खडान्‌खडा माहिती असलेला पायलट जहाजावर घेतला जातो, आणि शेवटच्या टप्प्यांत टग नांवाच्या लहान पण जोरकस बोटी जहाजाला ढकलून वा ओढून जागेवर बसवितात. तीस तीस वर्षें समुद्रावर काढलेल्या माणसाला यांत कमीपणा वाटत नाहीं. कमीपणा वाटतो तो माझ्यासारख्या तीस दिवसांच्या नावाड्याला.

त्या कमीपणाचीच गोष्ट आतां सांगावयाची आहे. वास्तविक तेवढ्याचसाठीं मी आज येथें आलों.

होडी घेऊन सहा महिने झाले होते. आदळणें पुष्कळ कमी झालें होतें आणि लोक हंसावयाचे थोडे थांबले होते. एके रविवारीं संध्याकाळीं मी, तांडेल आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा असे वाडीहून परत येत होतों. धक्क्यावर गर्दी होती. वारा जमिनीच्या अंगानें, म्हणजे धक्क्यावरून आमच्याकडे, वाहत होता. मीं इंजिन थोडें लौकर मध्यावर आणलें, आणि वाऱ्यानें होडी धक्क्यापासून दोन हात अलीकडेच अडविली. मुलानें फेंकलेला दोर पाण्यांत पडला. त्यानें तो ओढून पुन्हां फेंकला; पुन्हां पाण्यांत. तेवढ्यांत वरून कोणीतरी ओरडलें, “गुरुजी, अंतर मोजायला पट्टी आणून देऊं का?” आणि सारा धक्का हंसला.

अशा वेळीं काय करावें हें मला ठाऊक होतें. नाळ बाहेर वळवावी, मोकळ्या पाण्यांत एक फेरी घ्यावी आणि पुन्हां नीट यावें. दोन मिनिटांचें काम. पण त्या हंसण्यानें माझे कान तापले. आतां याच क्षणीं धक्का गांठावयाचा, एवढें एकच मनांत राहिलें. मीं गियर टाकला आणि मूठ पिळली. होडीनें उडी घेतली. नाळेवर उभ्या असलेल्या मुलानें, होडी आदळूं नये म्हणून, स्वाभाविकपणें हात पुढें करून धक्क्याच्या जांभ्या दगडावर टेकला.

“हात आंत!” तांडेल एवढ्या मोठ्यानें ओरडलेला मीं त्यापूर्वीं कधीं ऐकला नव्हता. मुलानें हात मागें घेतला आणि नाळ त्याच जागीं, जेथें त्याचा तळहात होता तेथें, आपटली. फायबरचा तळहाताएवढा तुकडा फुटून पाण्यांत पडला. वर कोणी हंसलें नाहीं.

सहाशें किलोचें गणित मीं तुम्हांला सांगितलें तें येथें पुन्हां सांगत नाहीं. त्या मुलाचीं बोटें त्या तुकड्याच्या जागीं असतीं, तर पुढें काय झालें असतें तें मी अजूनहि रात्रीं कधीं कधीं मनांत पाहतों. तांडेलानें होडी बांधली, मुलाला वर चढविलें आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजांत एवढेंच म्हणाला, “गुरुजी, परत फिरायला काय पैसे पडतात?”

त्या रात्रीं मी विचार करीत बसलों. पूर्वींच्या माझ्या सर्व चुका अज्ञानाच्या किंवा अननुभवाच्या होत्या, आणि त्यांनीं नुकसान केलें तें नारळांचें, धोतराचें वा एखाद्या सुईचें. ही चूक तशी नव्हती. इंजिन लौकर मध्यावर आणलें एवढी खरी चूक. ती तर अगदीं लहान व निरुपद्रवी होती. होडी दोन हात अलीकडे राहिल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें. धोका उत्पन्न झाला तो ती चूक लपविण्याच्या घाईंतून. वाऱ्यानें किंवा ओढीनें तो धक्का दिला नव्हता. लोक हंसले म्हणून मीं दिला होता.

आणि मग मला एक जुनी गोष्ट आठवली. हा तांडेल चौथींत असतांना मीं त्याला उभें करून विचारलें होतें, “सात आठें किती?” त्यानें सांगितलें, “चोपन्न.” वर्ग हंसला आणि, मला कबूल केलें पाहिजे, मीहि हंसलों. त्यानें लगेच “बावन्न” सांगितलें, मग “अठ्ठावन्न”. जें तोंडाला येईल तें. त्याला सात सत्ते एकोणपन्नास येत होते. तेथपर्यंत परत जाऊन सात मिळवावयाचे, एवढेंच करावयाचें होतें. पण हंसणाऱ्या वर्गापुढें परत जाण्याला मुलाला फार धैर्य लागतें. वर्षाच्या शेवटीं मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत ‘उतावळा’ असा शेरा लिहिला. त्याचा उतावळेपणा कोठून आला हें मला वयाच्या साठीजवळ, धक्क्यावर, कळलें. मला होडी शिकवितांना तो सहा महिन्यांत एकदांहि हंसला नव्हता, हेंहि त्याच रात्रीं ध्यानांत आलें. दुसऱ्या दिवशीं मीं त्याला ती गोष्ट बोलून दाखविली. तो म्हणाला, “छप्पन्न, गुरुजी. त्या दिवसापासून कधीं विसरलों नाहीं.” आणि मग मात्र तो मोकळेपणानें हंसला.

आपल्यांपैकीं कोणाला होडी चालविण्याचा योग आला, तर कांहीं गोष्टी पदरीं बांधून ठेवाव्या. धक्क्यापासून चाळीस-पन्नास हातांवर असतांनाच सर्व तयारी पुरी असावी: कडेला जुने टायर लोंबत सोडलेले, पुढचा व मागचा दोर हातापाशीं, प्रत्येकाला आपलें काम सांगितलेलें, अंगांत जीवरक्षक जाकिटें, आणि इंजिन बंद करणारी दोरी चालविणाराच्या मनगटाला, म्हणजे तो पडला तर इंजिनहि थांबेल. तेथेंच एकदां गियर उलटा टाकून तो चालतो कीं नाहीं हें पाहावें. धक्क्याजवळ जाऊन पाहूं नये. पहिली फेरी केवळ पाहणीसाठीं घ्यावी, ओढ व वारा ओळखावा, आणि मग जोराला सामोरें होऊन, थोडें तिरकें, सावकाश जावें. किती सावकाश, याचें उत्तर तांडेलानें दिलें आहे: ज्या वेगानें आदळलें तरी चालेल, त्याच वेगानें. हात व पाय होडीच्या आंत. ढकलावयाचें तर काठीनें किंवा वल्ह्यानें. हातापायानें कधींहि नाहीं. फुटलेली होडी दुरुस्त होते. आणि कांहीं बिनसलें असें वाटलें, तर जागा शिल्लक आहे तोंवरच बाहेर वळावें व पुन्हां यावें. पाण्यावर परत फिरणें हा पराभव नव्हे. तो चालविण्याचाच एक भाग आहे.

धक्क्यावर उभ्या असणारांसाठींहि दोन शब्द. येणाऱ्या होडीवर दहा जणांनीं दहा सूचनांचा मारा करूं नये. दोर फेंकला तर झेलून खुंटाला एक वेढा द्यावा आणि सांगितल्यावांचून ओढूं नये. उत्साहानें नाळ ओढली कीं शेपटी बाहेर फिरते व होडी आडवी होते. आणि हंसूं आलें तर होडी बांधून होईपर्यंत आंवरावें. मग खुशाल हंसावें. नावाडीहि त्यांत सामील होईल.

माझ्या होडीच्या नाळेवरचा तो फुटका भाग तांडेलानें फायबर लावून बुजविला. रंग मात्र जुळला नाहीं. तळहाताएवढा एक फिकट डाग अजून दिसतो. तो रंगवून टाकावा असें पुष्कळांनीं सुचविलें. मीं तो तसाच ठेवला आहे. धक्का जवळ येऊं लागला म्हणजे माझी नजर आधीं त्या डागाकडे जाते आणि मूठ आपोआप सैल पडते. गेल्या आठवड्यांतच वाऱ्यामुळें मला तीन वेळां परत फिरावें लागलें. धक्क्यावरून कोणीतरी मोठ्यानें फेऱ्या मोजीत होतें. चौथ्या फेरीला होडी टायराला नुसती टेकली, आणि तो मुलगा, आतां चांगला उंच झाला आहे, दोर घेऊन सावकाश पायरीवर उतरला.